गोल शब्दांची गोष्ट

परवा शेजारचा सहावीतला मुलगा इंग्रजीची वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ''चाचा, बांगडीही राउंड आणि चेंडूही राउंड. मग रिंग, सर्कल, बॉल, ग्लोब, स्फिअर एवढे शब्द कशाला?'' मी बी. ए.पर्यंत इंग्रजी शिकलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर शोधायला बसलो आणि त्या इवल्या शब्दांमागे एका देशाचा इतिहासच उभा राहिला.

'व्हील' आणि 'रिंग' हे इंग्रजीचे घरचे शब्द. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज शेतकरीही थोड्या वेगळ्या उच्चाराने तेच बोलत होता. 'बॉल' हा बहुधा समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीतला. पुढे १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच आली. आपण पहिलीत शिकतो तो 'राउंड' त्या फ्रेंचमधला. त्याआधी जुन्या इंग्रजीत गोल वस्तूसाठी 'सिनेवेआल्ट' असा स्वतःचा शब्द होता. तो लयाला गेला. 'ग्लोब', 'स्फिअर', 'सिलिंडर', 'ओव्हल' हे मूळचे लॅटिन-ग्रीक, विद्वानांच्या ग्रंथांत वावरणारे. म्हणजे गाडी हाकणाऱ्याचा शब्द वेगळा, राज्य करणाऱ्याचा वेगळा आणि ग्रंथ वाचणाऱ्याचा त्याहून वेगळा.

ही शेवटची भिंत पाडायचा प्रयत्न सोळाव्या शतकात एका माणसाने केला. त्याचे नाव रॉबर्ट रेकॉर्ड. वेल्समधल्या टेनबी गावचा, पेशाने वैद्य. गणितात 'बरोबर'साठी आपण दोन समांतर रेघांची जी खूण करतो, ती १५५७ मध्ये त्यानेच पहिल्यांदा छापली. त्याआधी, १५५१ मध्ये, त्याने 'द पाथवे टू नॉलेज' हे भूमितीचे पुस्तक इंग्रजीत लिहिले. भूमिती तेव्हा लॅटिनमध्ये कोंडलेली होती. सुतार, गवंडी, शिंपी, चांभार, विणकर यांच्या हाताला रोज भूमिती लागते, हे त्याने सुरुवातीलाच आवर्जून सांगितले.

पण सुताराला समजतील असे शब्द आणायचे कुठून? रेकॉर्डने ते घरातून आणि कोठारातून आणले. एका टोकाला निमुळत्या, दुसऱ्या टोकाला फुगीर आकाराला तो 'एग फॉर्म' म्हणाला, म्हणजे अंड्याचा आकार. दोन्ही टोके सारखी असतील तर 'बॅरल फॉर्म', पिंपाचा आकार. वर्तुळाला एकाच बिंदूत शिवून जाणाऱ्या रेषेला त्याने 'टच लाइन' म्हटले.

हे शब्द टिकले नाहीत. अंड्याच्या जागी 'ओव्हल' आला, 'टच लाइन'ऐवजी 'टँजंट' रुजला. एका बड्या सरदाराशी झालेल्या खटल्यात रेकॉर्ड हरला, त्याला जबर दंड झाला आणि १५५८ मध्ये लंडनच्या तुरुंगातच तो वारला.

गंमत पुढेच आहे. 'ओव्हल' ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ अंडेच! 'टँजंट'च्या मुळाशी 'स्पर्श करणे' हेच आहे. ग्रीक पोराच्या हातातला खेळायचा चेंडू म्हणजे 'स्फैरा', त्यावरून 'स्फिअर'. 'सिलिंडर' म्हणजे मुळात रूळ. आपल्या पोळपाटावरच्या लाटण्याचा भाऊबंदच म्हणा. विजेचा 'बल्ब'देखील कांद्यासारख्या कंदाच्या ग्रीक नावावरून आलेला. ज्यांना आपण विद्वत्तेचे शब्द समजतो, तेही कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आणि अंगणातूनच निघालेले. रेकॉर्डचे शब्द कमी प्रतीचे नव्हते. ते चांभाराला कळत होते आणि 'ओव्हल' कळत नव्हता, एवढाच फरक.

तरी घरच्या शब्दांनी हार मानली नाही. १९५८ मध्ये अमेरिकेने 'व्हॅनगार्ड १' हा इवलासा उपग्रह सोडला. रशियाच्या ख्रुश्चॉव्ह यांनी त्याची 'ग्रेपफ्रूट' म्हणून टर उडवली. ते फळ आपल्या पपनसाच्या जातीचे. पण त्या फळाएवढ्या गोळ्याच्या कक्षेवरून शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवून दिले, की पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी तर आहेच, शिवाय उत्तरेला अगदी किंचित, काही मीटर वर आलेली आहे. असा आकार इंग्रजीत कसा सांगायचा? त्यांनी आपल्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच शब्द वापरला 'पेअर-शेप्ड', नासपतीच्या आकाराची. चारशे वर्षांनी रेकॉर्डची रीत विज्ञानाच्या दारातून मानाने आत आली.

हाच 'पेअर-शेप्ड' ब्रिटनमधले लोक बोलताना आणखी एका अर्थाने वापरतात. ठरवलेला बेत पार फिसकटला, की तो 'पेअर-शेप्ड' झाला म्हणतात. आपणही अशा वेळी म्हणतोच की, सगळ्याचे वाटोळे झाले! दोन दूरच्या भाषांना संकट सांगायला गोलाईच आठवावी, याची मला मौज वाटली.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. मग विचारले, ''टँजंटला मराठीत काय म्हणतात, मोठ्या वर्गातल्या ताईला विचारून ये.'' तो धावत गेला, धावत आला. ''चाचा, स्पर्शिका!'' आणि क्षणभर थांबून म्हणाला, ''म्हणजे ती वर्तुळाला नुसती हात लावते ना?''

रेकॉर्डला आपल्या वाचकाकडून दुसरे काय हवे होते?