वऱ्हाडातील श्रद्धामिशने आणि त्यागाचे ओझे

वऱ्हाडातील ख्रिस्ती कार्याचा इतिहास बहुधा दोन दृष्टींनी लिहिला गेला आहे. एका पक्षाने मिशनऱ्यांच्या त्यागाचे गुणगान केले, तर दुसऱ्याने त्यांच्या धर्मांतराच्या हेतूवरच सारा भर दिला. या दोन्ही लेखनांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. जो त्याग केला गेला त्याचा निर्णय कोणी घेतला, आणि त्याची झळ कोणास लागली ? अकोला व अमरावती या जिल्ह्यांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. कारण येथील एका प्रमुख मिशनची उभारणीच त्यागाच्या एका विशिष्ट सिद्धांतावर झाली होती.

१८५३ च्या करारान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यावर कापसाचा हा मुलूख बाहेरच्या जगाशी जोडला गेला. याच सुमारास पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात ‘श्रद्धामिशन’ ही कल्पना रूढ होत होती. ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचे अनाथगृह आणि हडसन टेलर यांनी १८६५ साली स्थापिलेले चायना इनलँड मिशन ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. कार्यकर्त्याने ठराविक वेतन घेऊ नये, द्रव्यासाठी मनुष्यापुढे हात पसरू नये, गरज केवळ ईश्वरापुढे मांडावी, असा हा दंडक होता. मुंबईत १८४८ साली आलेल्या जॉर्ज बोवेन यांनी मिशनचे वेतन सोडून आयुष्यभर अत्यंत साधेपणाने राहण्याचा कित्ता घालून दिलाच होता. पुढे विल्यम टेलर यांच्या प्रेरणेने आलेले अल्बर्ट नॉर्टन एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे कार्यास लागले. अकोल्यास मार्कस फुलर व जेनी फ्रो फुलर या दांपत्याने ‘बेरार फेथ मिशन’चे कार्य चालविले. १८९० नंतर ते न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्प्सन यांच्या अलायन्स मिशनमध्ये विलीन झाले आणि अकोला हे त्या मिशनचे हिंदुस्थानातील प्रमुख केंद्र बनले.

या सिद्धांताचे नैतिक सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. साहेबी बंगला आणि शेतमजुराची झोपडी यांतील अंतर हा त्या काळातील मिशनकार्यावरचा मोठा आक्षेप होता. १८८२ साली मुंबईत आलेल्या साल्व्हेशन आर्मीच्या फ्रेडरिक टकर यांनी सनदी नोकरीचा त्याग करून फकिरी वेष पत्करला, तो याच आक्षेपाचे उत्तर म्हणून. तथापि स्वेच्छेने पत्करलेले व्रत आणि संस्थेने घालून दिलेला नियम यांत महदंतर आहे. व्रत मोडता येते. नियम मोडणारा मात्र अश्रद्ध ठरतो.

औषधोपचाराचा प्रश्न या दृष्टीने उद्बोधक आहे. सिम्प्सन यांच्या चतुर्विध सुवार्तेत ख्रिस्त हा तारणारा व पवित्र करणारा असून रोग बरा करणाराही आहे, असे प्रतिपादन होते. ज्याच्या ठायी तितकी श्रद्धा नसेल त्याने वैद्याकडे जावे, अशी मुभा स्वतः सिम्प्सन देत असत. परंतु या सवलतीतच खरे ओझे दडलेले होते. औषध घेणे म्हणजे आपली श्रद्धा उणी असल्याची कबुली ठरे. १८९० साली त्यांच्या विचाराने प्रभावित होऊन सुदानकडे निघालेल्या अमेरिकन तरुणांपैकी काही जण सिएरा लिओनमध्ये तापाने मृत्यू पावले. त्यांनी क्विनीन नाकारले होते. तीच शिकवण घेऊन हे मिशन ज्या वऱ्हाडात कार्य करीत होते, तेथे हिवतापाने ग्रासलेला मेळघाट होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या सिद्धांतातील धोका स्पष्ट होतो.

दुसरी कसोटी दुष्काळाने लावली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली मुले अकोला व खामगाव येथील आश्रमांत आली. प्रौढ मिशनऱ्याने न मागता मिळेल त्यावर जगण्याचा निश्चय करणे वेगळे आणि उपाशी मुलास त्या निश्चयात भागीदार करणे वेगळे. प्रत्यक्षात अमेरिकेतील ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या पत्राने वाचकांकडे उघडपणे मदत मागितली आणि १९०० साली मक्याने भरलेले ‘क्विटो’ जहाज मुंबईस आले. हिंदुस्थानातील दुष्काळपीडितांपर्यंत अन्न पोहोचले ते अशा जाहीर याचनेने व संघटित वाटपाने. सिद्धांताहून करुणा श्रेष्ठ ठरली, हे या प्रसंगाचे तात्पर्य होय.

तिसरे क्षेत्र संसाराचे. मिशनच्या अहवालांचा वाचक दूरदेशीचा दाता असल्यामुळे त्यांत घरातील ओढाताण क्वचितच उमटते. ही उणीव मराठीत वऱ्हाडाबाहेरच्या एका ग्रंथाने भरून काढली आहे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नीस न कळविता. त्यानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी मुलासह विरहात काढली. पुढे १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळकांचे औदार्य अमर्याद होते आणि १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतनही सोडले. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई पतीविषयी विनोदाने व प्रेमाने लिहितात, गाऱ्हाणे मांडीत नाहीत, म्हणूनच त्यांची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते. पतीचा प्रत्येक त्याग पत्नीच्या स्वयंपाकघरातून जात असे, हे त्या ग्रंथातून सहज कळून येते.

ख्रिस्ती धर्मग्रंथातच या प्रवृत्तीचा निषेध आहे, हे विशेष. आईबापांच्या पोषणाचे द्रव्य देवास वाहिले असे सांगून कर्तव्य चुकविणाऱ्यांची येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात कठोर हजेरी घेतली. लोकांच्या खांद्यावर जड ओझी लादणाऱ्या शास्त्र्यांची मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात. अर्थात् हा दोष एकाच धर्माचा नव्हे. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज कर्ज काढून सण-तेरवी करणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्यास आयुष्यभर हेच बजावीत राहिले. धर्मकृत्य एकाचे आणि फेड साऱ्या घराची, ही रीत त्यांना मान्य नव्हती.

तात्पर्य, श्रद्धामिशनांचा इतिहास लिहिताना त्यागी पुरुषांची चरित्रे पुरेशी नाहीत. आश्रमातील मूल, तापाने फणफणलेला सहकारी आणि रिकाम्या डब्याशी झुंजणारी गृहिणी यांच्या बाजूनेही साधने वाचली पाहिजेत. जो आपल्या वाट्याचे सोडतो तो त्यागी होय. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडणाऱ्यास ते नाव देताना इतिहासकाराने थांबून विचार करावयास हवा.