साथीवाचून ओवी

जात्याच्या घरघरीला कोणी वाद्य म्हणत असेल तर खुशाल म्हणो. आमच्या बीडकडच्या बायांनी तिच्यावाचून दुसरी साथ कधी मागितली नाही. पहाटेची वेळ, सुपातले दळण, खुंट्यावर हात आणि गळा, एवढ्यावर ओवी चाले.

ही रीत जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास संस्कृतात ‘मानसोल्लास’ रचला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात नमूद आहे. राजाच्या ग्रंथात मुसळाच्या गाण्याला जागा मिळाली, याचे मला मोठे कौतुक वाटते. पुढे शके १११०मध्ये, म्हणजे ११८८ साली, मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला तोही ओवीतच. त्यांची समाधी आमच्या अंबाजोगाईला दाखवतात. ब्रह्मज्ञानालाही बायकांच्याच छंदाचा आसरा घ्यावा लागला, म्हणा ना!

त्याच शतकात दूर फ्रान्समध्ये सरदारांच्या वाड्यांतून प्रेमगीते गाइली जात होती. थोर घरच्या स्त्रीवर कवीने झुरावे, पण तिचे नाव उघड घेऊ नये. दक्षिणेकडचे कवी तिला टोपणनाव देत. आपल्याकडे नाव झाकायचे ते धन्याचे. भाऊ, लेक, विठ्ठल यांच्यावर ओव्यांमागून ओव्या; धन्याचा विषय निघाला की आवाज खाली.

त्या फ्रेंच गीतांच्या पोथ्या उरल्या, गळे गेले. पुष्कळशा जुन्या पोथ्यांत सूर कळतात, पण कोणता सूर किती लांबवायचा ते कळत नाही. चौदाव्या शतकातल्या गियोम द माशोच्या गीतांत एकाच वेळी दोन-तीन सुरावटी चालतात, आणि खालच्या सुरावटींना बहुधा शब्दच नसतात. शब्द नाहीत त्या अर्थी तिथे वाद्ये असणार, असे विसाव्या शतकातले बरेच पंडित धरून चालले. १९८० साली इंग्लंडात ख्रिस्तोफर पेज यांनी ‘गॉथिक व्हॉइसेस’ हा गायकवृंद काढला आणि अशी गीते नुसत्या गळ्यांनी गाऊन दाखवली. वाद्यांवाचून काही अडले नाही. माजलगावच्या एखाद्या आजीला त्यात नवल वाटले नसते.

आपले उलटे झाले. गळे होते, कागद नव्हता. कोणी ओवी लिहून घेतली तरी दोन ओळींचा सांगाडा हाती येई. ओळ कुठे तोडायची, कुठला तुकडा पुन्हा घ्यायचा, मध्ये ‘बाई’ कुठे घालायचे, हे सारे गळ्यातच राही. त्यात गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. पुण्याला स्थायिक झालेले मूळचे फ्रेंच गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६मध्ये माजलगावच्या भीमनगरातल्या बायांचे आवाज ध्वनिफितीवर घेतले गेले. त्या ओव्या बाबासाहेबांच्या आहेत. ज्या चालीवर आई-आजीने माहेर गाइले, तिच्यावर या बायांनी आपला भीमराया बसवला. ध्वनिफितीवर पेटी नाही, तबला नाही. एक बाई ओळ उचलते आणि दुसऱ्या तिच्या मागे येतात.

ते आवाज आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात.