‘उत्स्फूर्त’ अभिक्रिया म्हणजे काय?

गिब्ज ऊर्जेतील बदल ऋण असेल तर अभिक्रिया घडते, धन असेल तर घडत नाही, असे कनिष्ठ महाविद्यालयात अनेक विद्यार्थी पाठ करतात. हा नियम असाच्या असा लावला, तर खतकारखान्यांत अमोनिया तयारच व्हायला नको!

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे जोसाया विलर्ड गिब्ज (१८३९-१९०३) यांनी १८७६ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ निबंधात या संकल्पनेचा पाया घातला. एन्थाल्पीतून तापमान व एन्ट्रॉपी यांचा गुणाकार वजा केला, की गिब्ज ऊर्जा मिळते. तापमान व दाब स्थिर असताना ही ऊर्जा ज्या दिशेने कमी होते, त्या दिशेचा बदल उत्स्फूर्त होय.

एक मोल नायट्रोजन व तीन मोल हायड्रोजन यांपासून दोन मोल अमोनिया बनताना सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. २५ अंश सेल्सिअसला प्रमाण गिब्ज ऊर्जाबदल उणे ३३ किलोज्यूल, म्हणजे ऋण असतो. तरीही या तापमानाला दोन्ही वायूंचे मिश्रण जसेच्या तसे राहते, कारण नायट्रोजनच्या रेणूतील तिहेरी बंध सहजासहजी तुटत नाही. उत्स्फूर्त म्हणजे शीघ्र नव्हे.

वेग वाढविण्यासाठी तापमान वाढवावे, तर दुसरीच अडचण येते. चार मोल वायूंचे दोन मोल होत असल्याने एन्ट्रॉपी घटते आणि सुमारे १९० अंशांपुढे प्रमाण ऊर्जाबदल धन होतो. कारखाने मात्र ४०० ते ५०० अंशांवर चालतात. हे कसे?

‘प्रमाण’ बदल हा प्रत्येक वायूचा दाब एक बार असतानाचा असतो. कारखान्यात सुरुवातीस अमोनिया जवळजवळ नसतोच. म्हणून प्रत्यक्ष बदल ऋण असतो. अमोनिया साचत जातो तसा तो शून्याकडे सरकतो आणि शून्य झाला की समतोल येतो. अभिक्रिया सुरू होईल की नाही, हे प्रमाण मूल्य सांगत नाही. समतोल कोठे असेल, ते सांगते.

फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखविलेली आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांतून १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कारखान्यात उतरलेली पद्धत यावरच उभी आहे. उच्च दाबामुळे समतोल अमोनियाकडे झुकतो. लोहाचा उत्प्रेरक समतोल बदलत नाही, तेथे पोहोचण्याचा वेळ कमी करतो. तयार अमोनिया थंड करून वेगळा काढतात व उरलेले वायू पुन्हा आत सोडतात.

अभिक्रिया कोठवर जाईल आणि किती वेळात जाईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गिब्ज ऊर्जा उत्तर देते ते फक्त पहिल्याचे.