हेडलाइटचा पांढरा प्रकाश : रंग बदलतो, उजेड वाढतोच असे नाही

रात्रीच्या प्रवासात हेडलाइटचा पिवळसर उजेड अपुरा वाटू लागला की अनेक वाहनधारक पांढरा प्रकाश देणाऱ्या बल्बकडे वळतात. नव्या मोटारींत एलईडी दिवे मोठ्या प्रमाणावर येऊ लागले असले, तरी रस्त्यावरील असंख्य वाहनांमध्ये आजही हॅलोजन बल्बच आहेत. या बल्बच्या जागी ५,००० किंवा ६,००० केल्विन असे आकडे छापलेले निळसर काचेचे बल्ब बसविले जातात. प्रकाश पांढरा दिसला म्हणजे रस्त्यावरील उजेड वाढला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती बहुतेक वेळा याच्या उलट असते.

हॅलोजन बल्बचे कार्य

साध्या बल्बमध्ये तापलेल्या टंगस्टनच्या तारेतून धातूचे कण बाष्परूपाने उडतात आणि काचेवर साचून ती काळी पडते. हॅलोजन बल्बमध्ये आयोडिन किंवा ब्रोमिन या वायूंचा अल्प अंश असतो. उडालेल्या टंगस्टनशी त्याचा संयोग होतो आणि ते कण पुन्हा तारेकडे परततात. त्यामुळे काच स्वच्छ राहते व तार अधिक तापविता येते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधकांना १९५९ मध्ये अशा दिव्याचे पेटंट मिळाले. युरोपात १९६२ मध्ये मोटारीसाठी एच-१ हा पहिला हॅलोजन बल्ब आला. अप्पर आणि डिपर अशा दोन तारा एकाच काचेत सामावणारा एच-४ बल्ब १९७१ मध्ये आला. भारतातील अनेक मोटारींत तो आजही वापरात आहे.

केल्विनचा आकडा काय सांगतो?

केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप आहे, उजेडाचे नव्हे. मेणबत्तीची छटा सुमारे १,९०० केल्विन, हॅलोजनची सुमारे ३,२००, तर दुपारच्या सूर्यप्रकाशाची सुमारे ५,५०० केल्विन मानली जाते. उजेडाचे प्रमाण ल्युमेन या एककात मोजतात.

टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सियसला, म्हणजे सुमारे ३,६९५ केल्विनला वितळते. तापलेल्या तारेच्या प्रकाशाची छटा तिच्या तापमानावर अवलंबून असल्याने कोणतीही टंगस्टनची तार स्वतःहून ५,००० केल्विनचा प्रकाश देऊ शकत नाही. ही छटा काचेवरील निळ्या लेपामुळे येते. हा लेप प्रकाशातील पिवळा व तांबडा भाग अडवितो आणि उरलेला प्रकाश पांढरा भासतो. जे अडविले जाते तो उजेडाचाच भाग असतो. ही तूट भरून काढण्यासाठी काही उत्पादक तार अधिक तापवितात. त्यामुळे बल्बचे आयुष्य कमी होते.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार १२ व्होल्टच्या एच-४ बल्बने अप्परला १,६५० आणि डिपरला १,००० ल्युमेन प्रकाश द्यावा लागतो. त्यात १५ टक्के कमी-अधिक फरक चालतो. म्हणजे डिपरला ८५० ल्युमेन देणारा बल्बही नियमात बसतो. मान्यताप्राप्त बल्बवर वर्तुळातील 'ई' हे अक्षर आणि देशाचा क्रमांक असतो. हे चिन्ह नसलेल्या गडद निळ्या बल्बच्या उजेडाची कोणतीही हमी नसते.

पाऊस, धुके आणि समोरचा चालक

ओल्या डांबरी रस्त्यावर हेडलाइटचा बराचसा प्रकाश पुढच्या दिशेने परावर्तित होतो आणि चालकाकडे फारच थोडा परत येतो. अशा वेळी उजेडातील प्रत्येक घट जाणवते. धुक्यातील जलबिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने तेथे रंग बदलून विशेष लाभ होत नाही. मात्र तेवढ्याच तीव्रतेचा निळसर प्रकाश पिवळसर प्रकाशापेक्षा समोरच्या डोळ्यांना अधिक खुपतो. वृद्ध चालकांना हा त्रास विशेष होतो. फ्रान्समध्ये १९३६ पासून १९९३ पर्यंत पिवळ्या हेडलाइटची सक्ती होती. दिपवणारा प्रकाश सौम्य व्हावा हाही त्यामागील एक विचार होता.

जास्त वॅटचे बल्ब आणि एलईडी

काही वाहनधारक ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब लावतात. ५५ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर सुमारे साडेचार अँपियर, तर १०० वॅटच्या बल्बला आठ अँपियरहून अधिक प्रवाह लागतो. मूळ वायरिंग, स्विच आणि होल्डर एवढ्या प्रवाहासाठी बनविलेले नसतात. ते तापतात, वितळतात आणि प्रसंगी आगीलाही कारण ठरतात.

हॅलोजनसाठी बनविलेल्या दिव्यात झेनॉन किंवा एलईडी संच बसविण्यात वेगळा धोका आहे. एच-४ बल्बमधील डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. वरच्या बाजूला जाणारा प्रकाश तिच्यामुळे अडतो. प्रकाशाचा उगम काही मिलिमीटर जरी सरकला तरी ही रचना बिघडते आणि झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना मान्यता मिळाली, तीही चाचणी झालेल्या ठरावीक मोटारींपुरतीच.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ या संदर्भात महत्त्वाचा आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला दिपवणार नाही, अशा रीतीने झोत खाली वळविलेला असावा, असे हा नियम सांगतो.

उजेड वाढविण्याचे खरे उपाय

बल्ब बदलण्यापूर्वी त्याला मिळणारा विजेचा दाब तपासून घ्यावा. जुन्या वायरिंगमध्ये आणि गंजलेल्या जोडांत दाब घटतो. बल्बपाशी १३.२ ऐवजी १२.२ व्होल्ट पोहोचले तर उजेड सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो आणि प्रकाश अधिक पिवळा दिसतो. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून योग्य फ्यूज आणि रिलेसह जाड वायर बसवून घेतल्यास मूळ बल्बचाच प्रकाश अधिक पांढरा व प्रखर होतो. दाब प्रमाणाबाहेर वाढणेही हितावह नाही. तो पाच टक्क्यांनी वाढला तर उजेड सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, पण बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते.

उन्हाने पिवळी पडलेली हेडलाइटची प्लॅस्टिकची काच पॉलिश करून घ्यावी किंवा बदलावी. दोन्ही बाजूंचे बल्ब एकाच वेळी बदलावेत. नवा बल्ब धातूच्या तळाशी धरावा. बोटांचा तेलकटपणा काचेला लागल्यास ती तेथे अधिक तापून बल्ब लवकर निकामी होतो. चुकून स्पर्श झाल्यास काच स्पिरिटने पुसावी. बल्ब बसविल्यावर झोताची उंची तपासून घ्यावी. मागे प्रवासी किंवा सामान असेल तर झोत वर उचलला जातो. अनेक मोटारींत तो खाली आणण्यासाठी डॅशबोर्डवर स्वतंत्र बटण असते. त्याचा उपयोग करावा.

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. अंधारात चालणारा पादचारी किंवा दिवा नसलेली बैलगाडी एक सेकंद आधी दिसली, तर अपघात टळू शकतो. बल्ब निवडताना म्हणूनच पाकिटावरील केल्विनपेक्षा मान्यतेचे चिन्ह, योग्य वॅट आणि झोताची दिशा यांना महत्त्व देणे श्रेयस्कर.