2048 म्हणजे किती व्होल्ट?

समजा तुमच्या बोर्डवर एमसीपी3208 ही एडीसी चिप आहे. 8 चॅनेल, 12 बिट. सेन्सर जोडला आणि आकडा आला 2048. व्होल्ट किती? चिपला माहीत नाही. 4096 पायऱ्यांपैकी 2048, म्हणजे रेफरन्स व्होल्टेजच्या निम्मं, एवढंच ती सांगते. रेफरन्स 3.3 व्होल्ट असेल तर 1650 मिलिव्होल्ट, 2.5 असेल तर 1250.

मग लिनक्सला हा रेफरन्स सांगतं कोण?

पूर्वी आर्म बोर्डांची अशी माहिती कर्नेलमध्येच, सी भाषेतल्या 'बोर्ड फाइल'मध्ये असायची. नवा बोर्ड, नवी फाइल. ढीग इतका वाढला की मार्च 2011 मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स उघडपणे वैतागले. उपाय तयारच होता: डिव्हाइस ट्री. ही कल्पना ओपन फर्मवेअरची, आयईईई 1275 या 1994 च्या मानकातली. पॉवरपीसीवरच्या लिनक्सने 2005 च्या सुमारास तिचं सुटसुटीत रूप वापरायला घेतलं होतं, तेच आर्मवर आलं.

या प्रवासात एक गोष्ट बदलली, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ओपन फर्मवेअरमध्ये हार्डवेअरचं वर्णन मशीनचं फर्मवेअर स्वतः तयार करून द्यायचं. आता ते माणूस लिहितो, एका साध्या मजकुराच्या डीटीएस फाइलमध्ये. एमसीपी3208 च्या नोडमध्ये 'व्हीरेफ-सप्लाय' एका रेग्युलेटरकडे बोट दाखवतो, त्या रेग्युलेटरच्या नोडमध्ये 3300000 मायक्रोव्होल्ट लिहिलेलं असतं आणि ड्रायव्हर त्याला 4096 ने भागून स्केल काढतो. प्रत्यक्ष व्होल्टेज कुणीच मोजत नाही!

आम्ही नेमके इथेच फसलो. दुसऱ्या बोर्डची डीटीएस उचलली. तिथे रेफरन्स 3.3, आमच्याकडे 2.5. तीन आठवडे सगळी मापं 32 टक्के जास्त. कर्नेलच्या लॉगमध्ये एकही एरर नाही, आलेखही अगदी गुळगुळीत. मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं.

आमचा डेटा 1.32 ने भागून सुधारला. पण लॅबमधल्या आधीच्या डेटाचं काय? तेव्हा बोर्डवर कुठली डीटीएस होती, कुणालाच सांगता येईना.

तुम्ही सुरुवात करत असाल तर एवढं कराच: चालू बोर्डवरचा डिव्हाइस ट्री डीटीसी या टूलने परत मजकुरात उतरवता येतो. ती प्रत मोजणीच्या फोल्डरमध्येच ठेवा. आमच्या नव्या फोल्डरांत ती आहे. दोन वर्षांपूर्वीच्या फोल्डरांत नुसते व्होल्ट आहेत.