दोन ते चार अक्षरे

चाकणच्या एका कारखान्यासाठी सप्लायर नोंदणीचा फॉर्म मी केला होता. भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्यांनी त्यात वेबसाइटचा पत्ता भरला, शेवटी ‘डॉट भारत’. फॉर्मने तो चुकीचा ठरवला. पत्ता बरोबर होता, चूक माझ्या रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या कोडच्या ओळीत होती. टिंबानंतर ‘ए ते झेड, दोन ते चार अक्षरे’ एवढेच तो मानत होता. ती ओळ मी जुन्या प्रोजेक्टमधून उचललेली. मग तिचे मूळ शोधत गेलो.

रेजेक्सचा जन्म मज्जापेशींच्या गणितातला. १९५१ मध्ये स्टीफन क्लीनी ते मांडत होते. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती पद्धत कॉम्प्युटरवर मजकूर शोधायला वापरली. डोमेनच्या नियमांचे घराणे वेगळे. १९८५ मध्ये नावाची सुरुवात अक्षरानेच करावी लागे, १९८९ मध्ये आकडाही चालू लागला.

आणि ‘दोन ते चार’? देशांची दोन, कॉमची तीन, २००१ मध्ये आलेल्या डॉट इन्फोची चार. पण त्याच वर्षी सहा अक्षरांचे डॉट म्युझियमही आले! म्हणजे इन्फोला धरून बेतलेली ही ओळ त्याच वर्षी तोकडी पडली होती, आणि तरी कॉपी-पेस्ट होत माझ्यापर्यंत पोचली.

ऑगस्ट २०१४ मध्ये डॉट भारत देवनागरीत सुरू झाले, मराठीसाठीही. डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या यंत्रणेत, ते ‘एक्सएन, दोन डॅश, एच२बीआरजे९सी’ असे असते. त्यात आकडे आहेत, डॅश आहेत, म्हणून चारची मर्यादा काढूनही भागत नाही.

मी ‘कुठल्याही लिपीचे अक्षर’ अशी मुभा दिली. तरी ‘भारत’ अडकलेच. एकेक वर्ण तपासला तेव्हा कळले: भ पास, काना नापास. युनिकोडच्या लेखी काना हे अक्षर नाही, चिन्ह आहे, आणि चिन्हांचा गट वेगळा मागावा लागतो. बाराखडी घोकलेल्या माणसाला ‘भा’ हे एकच अक्षर असते. ते मध्येच तुटलेले पाहून मला खरोखर वाईट वाटले.

आता पत्ता आधी लायब्ररीकडून डीएनएसच्या रूपात नेतो, मग तपासतो: प्रत्येक तुकडा ६३ वर्णांपर्यंत, टोकांना डॅश नको. हे १९८७ पासूनचे नियम तिथे अजून चोख लागू पडतात. वर्कशॉपवाल्यांना फोन करून पत्ता पुन्हा भरायला सांगितला. या वेळी फॉर्मने तो घेतला.