आन्द्रेइओस, मर्दानी आणि धीर

रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यात कोट नावाचे गाव आहे. झांशीच्या नेवाळकर घराण्याचे हे मूळ गाव. या घराण्याची सून राणी लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना पडली आणि पुढे सुभद्राकुमारी चौहान यांच्या हिंदी कवितेमुळे ‘मर्दानी’ हे विशेषण तिच्या नावाशी कायमचे जोडले गेले. मराठीनेही ते आनंदाने उचलले. स्त्रीच्या शौर्याचा गौरव करावयाचा तर आधी तिला पुरुषांच्या पंक्तीत बसवावे लागते, हे आपल्या कानाला खटकतही नाही. मात्र ही अडचण एकट्या मराठीची नव्हे. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेपुढेही ती उभी होती.

ग्रीक भाषेत शूर माणसाला ‘आन्द्रेइओस’ म्हणत. ‘आनेर’ म्हणजे पुरुष. त्याची षष्ठी ‘आन्द्रोस’. त्यावरून हे विशेषण सिद्ध झाले. हा ‘आनेर’ आपल्या संस्कृत ‘नर’ शब्दाचा सख्खा भाऊ होय. लॅटिनमध्येही तोच प्रकार आहे. तेथे ‘विर’ म्हणजे पुरुष आणि त्यावरून ‘विर्तुस’ म्हणजे प्रथम पराक्रम व नंतर सद्गुण. हा ‘विर’ आपल्या ‘वीर’ शब्दाच्या कुळातला. प्रेषित आंद्रिया याच्या नावातही तेच ग्रीक मूळ आहे. आपल्या घराघरांतील आंद्रू त्याच्यामुळे नकळत या शब्दाचे वारस झाले आहेत.

हेरोडोटसने आपल्या इतिहासात हालिकार्नाससची राणी आर्टेमिसिया हिची गोष्ट सांगितली आहे. इराणचा सम्राट झर्क्सिस याच्या आरमारात ती स्वतःची जहाजे घेऊन सामील झाली होती. तिला कोणी भाग पाडले नव्हते. ती आली ती स्वतःच्या ‘आन्द्रेइए’मुळे, असे तो लिहितो. इ. स. पूर्व ४८० मध्ये सालामिसच्या लढाईत तिचे साहस पाहून, माझे पुरुष बायका झाले आणि बायका पुरुष, अशा अर्थाचे उद्गार सम्राटाने काढल्याचेही तो नोंदवितो. स्तुतीची ही तऱ्हा ‘मर्दानी’हून फारशी निराळी नाही.

पुढे या शब्दाची चिकित्सा तत्त्वज्ञांनी केली. प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात सॉक्रेटिस दोन सेनापतींना विचारतो, शौर्य म्हणजे काय? रांगेत पाय रोवून उभे राहणे, असे सरळ उत्तर लाखेस देतो. सॉक्रेटिसचे त्याने समाधान होत नाही. समुद्रावरील संकटात, आजारपणात, दारिद्र्यात, इतकेच नव्हे तर स्वतःच्या वासनांशी झुंजतानाही माणूस शूर असू शकतो, असे तो सुचवितो. कोकणच्या माणसाला याचे वेगळे स्पष्टीकरण नको. पुरुष मुंबईच्या गिरणीत वा बोटीवर, आणि घर, शेती, म्हातारी माणसे व मुले हा सारा भार मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या बाईवर, असे आपल्या कित्येक पिढ्यांचे जिणे झाले. तो संवाद मात्र व्याख्येवाचूनच संपतो. ॲरिस्टॉटलने व्याख्या केली: भित्रा ‘देइलोस’ आणि उतावळा ‘थ्रासूस’ यांच्या मधला तो ‘आन्द्रेइओस’. पण त्यानेच काव्यशास्त्रावरील ग्रंथात, नाटकातील स्त्री ‘आन्द्रेइआ’ दाखविणे शोभत नाही, असे बजावले. एवढ्या मोठ्या बुद्धीला हे एवढेसे कुंपण ओलांडता आले नाही, याचे नवल वाटते.

ते कुंपण अलेक्झांड्रियाच्या यहुदी भाषांतरकारांनी ओलांडले. जुन्या कराराचे ग्रीक रूपांतर करताना नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील कर्तबगार गृहिणीसाठी त्यांनी नेमके हेच विशेषण योजिले. ती सूत कातते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, आणि तिला ते पुरुषवाचक ‘आन्द्रेइआ’ म्हणतात. मूळ हिब्रू शब्दात बळ व सामर्थ्य हा अर्थ आहे. संत जेरोमने लॅटिनमध्ये ‘फोर्तिस’, म्हणजे बळकट, असा शब्द घातला. आपल्याकडे रुळला तो ‘सद्गुणी’. त्यात तिचे मनगट कोठेतरी हरवले, असे मला वाटते.

नव्या करारात ‘आन्द्रेइओस’ हे विशेषण एकदाही येत नाही. करिंथकरांना लिहिताना संत पौल त्याच धातूचे क्रियापद एकवार वापरतो, आणि लगेच पुढल्या वचनात सर्व काही प्रीतीने करण्यास सांगतो. प्रभू येशूच्या तोंडी आहे तो निराळा शब्द: ‘थार्सेइ’. पक्षाघाती माणसाला, बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीला, वादळात घाबरलेल्या शिष्यांना तो हाच शब्द ऐकवितो. येथे स्त्री-पुरुष हा भेदच नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या संत क्लेमेंटने करिंथच्या ख्रिस्तसभेला पाठविलेल्या पत्रात मात्र जुना शब्द परत येतो: देवाच्या कृपेने बळ पावलेल्या अनेक स्त्रियांनी ‘आन्द्रेइआ’ कृत्ये केली. उदाहरणे यहूदिथ आणि एस्तेर यांची.

आजच्या ग्रीकांत हा शब्द जिवंत आहे, पण पोशाखी. तो ग्रंथांत व समारंभांत भेटतो. रोजच्या बोलण्यात शूर माणूस ‘येनेओस’ असतो. मूळ अर्थाने कुलीन. ते विशेषण बाईलाही विनासायास लावता येते.

मराठीत काय झाले? सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तेथून त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली व फारसी-अरबी शब्दांवर शस्त्र धरले. तरी हिंमत, बहादूर, मर्द हे शब्द काही हलले नाहीत. गंमत अशी की, फारसी ‘मर्द’ हा संस्कृत ‘मर्त्य’चा आप्त आहे; म्हणजे मूळ अर्थी जो मरतो तो!

‘थार्सेइ’साठी मराठी बायबलने ‘धीर धरणे’ हा प्रयोग स्वीकारला, तो फार नेमका आहे. धीर धरता येतो, तो सुटतो, खचतो. आणि मुख्य म्हणजे तो दुसऱ्याला देता येतो. आन्द्रेइओस माणसाचे पौरुष त्याच्यापाशीच राहते. अर्थात धीर या शब्दात वाट पाहण्याचा, सोसण्याचाही भाव आहे, आणि बायकांना केवळ सोसायला सांगण्यासाठी तो पुष्कळदा वापरला गेला आहे, हेही नाकारता येत नाही. ‘थार्सेइ’चा रक्ताचा नातेवाईक मराठीत वेगळाच आहे. संस्कृत ‘धृष्’ धातू आणि हा ग्रीक शब्द एकाच मुळाचे; त्या धातूपासून ‘धृष्ट’ आला, आणि त्याचे मराठी रूप ‘धीट’. ॲरिस्टॉटलचा उतावळा ‘थ्रासूस’ही याच घरातला. पोरगी धीट आहे, असे आपल्याकडे कोणी म्हणाले, तर ती तक्रार आहे की कौतुक, हे अजूनही बोलणाऱ्याच्या सुरावरूनच ओळखावे लागते.